पिवळ्या पट्टीवरची ब्रेंडा

ब्रेंडा व्हेरिलची पाठ साऱ्या इंग्लंडने पाहिली आहे. पण ती पाठ कुणाची, असं विचारलं तर कुणीही एकच नाव सांगेल: रोझलिंड थर्लो. ब्रेंडाला ही गोष्ट जितकी सलते तितकी तिची किडकी दाढसुद्धा सलत नाही.

यॉर्कशरच्या किनाऱ्यावर स्कार्नविकमध्ये मासे धुरावर ठेवायची जुनी भट्टी आहे. तिच्या मागच्या बोळात ब्रेंडा जन्मली, लग्न होऊन त्याच बोळात दोन दारं पलीकडे गेली, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटल्यांत कस्टर्ड ओतत तिची उमेदीची वर्षं सरली. नवरा क्लिफर्ड सहलींची बस चालवायचा. घरी वेळेवर यायचा, चहा स्वतःचा स्वतः करून घ्यायचा. तक्रार करायला फारशी जागा नव्हती. ब्रेंडाला फक्त एक खाज होती, नाटकाची.

गावातली हौशी मंडळी दर नाताळात पोरांसाठी नाटक बसवतात. त्यात परी असते, दुष्ट सावत्र आई असते, बाईचा वेश घेतलेला एक दांडगा पुरुष असतो आणि एक गाय असते. गाईच्या कातड्यात दोन माणसं शिरतात. ब्रेंडा वर्षानुवर्षं मागचे पाय होती. पुढच्या पायांना तोंड असतं, पापण्या मिटता येतात, लोक त्यांच्याकडे बघून हसतात. मागच्यांनी वाकून पुढच्याची कंबर धरायची आणि वेळ आली की शेपटी हलवायची. "अख्ख्या परगण्यात असे मागचे पाय नाहीत," असं चर्चमधले पाद्री एकदा म्हणाले होते. क्लिफर्ड ते वाक्य अजून पाहुण्यांना ऐकवतो. त्यावर हसावं की रुसावं, हे ब्रेंडाला अजून ठरवता आलेलं नाही.

मग गावात 'ओहोटी' आली.

'ओहोटी' म्हणजे टीव्हीवरची मालिका. किनाऱ्यावरच्या एका गावातली इन्स्पेक्टर नेल डॉब्सन, तिचा लांब राखी कोट, बिस्किट नावाचा तिचा कुत्रा, आणि दर आठवड्याला एक मुडदा. नेलचं काम रोझलिंड थर्लो करणार होती. रोझलिंड कोण हे स्कार्नविकला सांगायची गरज नव्हती, आणि ब्रेंडाला तर मुळीच नव्हती. हॉस्पिटलच्या मालिकेत रोझलिंड नर्स होती आणि ती नर्स मेली, तेव्हा ब्रेंडा कस्टर्डच्या पातेल्यात रडली होती. पुढे विनोदी मालिकेत ती खाष्ट शेजारीण झाली, मग मोठ्या केसांची डचेस झाली. मध्ये काही वर्षं तिला काम मिळेना, तेव्हा ती फक्त सुपाच्या जाहिरातीत चमचा चाटताना दिसायची. त्या वर्षांत ब्रेंडाला मनातून बरं वाटायचं. आपण दोघी समवयस्क, आणि आता दोघीही सूपच ढवळतोय, असं काहीतरी.

कंपनीच्या माणसांनी शाळेच्या हॉलमध्ये गावातल्या बायका बोलावल्या. नटीच्या उंचीची, तिच्या खांद्याएवढ्या खांद्याची बाई त्यांना हवी होती. एक तरुण माणूस पट्टीने मापं घेत होता.

"अभिनयाचा काही अनुभव?"

"गाय," ब्रेंडा म्हणाली.

"पुढची की मागची?"

"मागची."

"उत्तम," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

काम असं होतं. कॅमेरा लावायला, दिवे बसवायला वेळ लागतो. तेवढा वेळ नटीला थंडीत उभं करत नाहीत. तिच्या जागी तिच्याच मापाची दुसरी बाई उभी राहते. कुणी कुठे थांबायचं ते कळावं म्हणून जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावतात, प्रत्येक नटाची वेगळ्या रंगाची. रोझलिंडची पिवळी. "ब्रेंडा, पिवळ्यावर," अशी हाक आली की ब्रेंडा पट्टीवर जाऊन उभी राहायची. हनुवटी जरा डावीकडे, खांदे सैल, चेहऱ्यावर काही नाही. तिच्या नाकाची सावली मोजली जायची, डोळ्यांखालची काळोखी उजेड परतवणाऱ्या एका पांढऱ्या फळीने पुसली जायची. सगळं जमलं की सहायक ओरडायचा, "थँक यू, ब्रेंडा!" ती बाजूला व्हायची, आणि गरम गाडीतून, हातातला चहा कुणाच्या तरी हातात देत, रोझलिंड यायची आणि त्या उजेडात शिरायची.

तो उजेड ब्रेंडाच्या चेहऱ्यावर मापून शिवलेला असायचा. दुसरीच्या अंगावर बेतलेला झगा एखादीने खुशाल घालून मिरवावं, तसं ते दिसायचं. निदान ब्रेंडाला तरी.

मालिका चालली, चालतच राहिली. रोझलिंडने केस तांबूस केले, ब्रेंडालाही करावे लागले. रोझलिंडने ते कापले, ब्रेंडाचेही कापले गेले. एका वर्षी रोझलिंड वजन वाढवून आली, आणि खानपानाच्या गाडीवरचा माणूस ब्रेंडाच्या पावात बेकनचा एक जास्तीचा तुकडा घालू लागला. कोट दोघींना सारखाच होता. रोझलिंडच्याला आतून लोकरीचं अस्तर होतं, ब्रेंडाच्याला नव्हतं, कारण अस्तर कॅमेऱ्याला दिसत नाही.

बरं, रोझलिंड वाईट बाई असती तर काम सोपं झालं असतं. ती सगळ्यांशी गोड बोलायची. दर नाताळात ब्रेंडाला हाताला लावायचं क्रीम द्यायची, गुलाबाच्या वासाचं. "ब्रेंडा, राणी, तू नसतीस तर मी गारठून मेले असते," म्हणायची. ब्रेंडा म्हणायची, "तुमचं काहीतरीच." घरी आल्यावर क्रीमची डबी न्हाणीघराच्या कपाटात मागे सारून ठेवायची. तिथे गुलाबाची एक अख्खी रांग होती.

"वापर की," क्लिफर्ड म्हणायचा.

"तूच वापर. बसच्या चाकाला लाव."

शेवटच्या भागाचं चित्रीकरण समुद्रात शिरलेल्या लांब लाकडी धक्क्यावर होतं. नेल डॉब्सन नोकरी सोडते आणि धक्क्यावरून एकटी चालत टोकापर्यंत जाते, संपलं. सकाळी धक्क्याच्या मध्यावर पिवळी पट्टी लावून रोझलिंडचा चेहरा जवळून टिपला गेला. मग ती चहासाठी खाली उतरायला लागली आणि ओल्या पायऱ्यांवर तिचा गुडघा गेला. सगळे तिकडे धावले. डॉक्टर म्हणाला, चालणं बंद.

दिग्दर्शक गाइल्स आभाळाकडे बघत होता. ढग फाटले होते आणि समुद्र नुकताच चांदीसारखा उजळला होता. असा उजेड तिथे रोज मिळत नाही. त्याने कड्यावरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, मग ब्रेंडाकडे.

"पाठच दिसणार आहे," तो म्हणाला. "ब्रेंडा, अस्तराचा कोट घाल. त्याची घडी वेगळी पडते. टोकापर्यंत चालत जा, मागे बघू नको."

तो कोट अजून रोझलिंडच्या अंगाने गरम होता.

ब्रेंडा चालायला लागली. फळ्यांमधून खाली पाणी दिसत होतं. मध्यावर आली, आणि पायाखाली पिवळी पट्टी. धावपळीत ती काढायची राहून गेली होती. ब्रेंडाचे पाय थांबले. तिने थांबवले नाहीत, ते थांबले. हनुवटी जरा डावीकडे गेली, खांदे सैल झाले, आणि ती उभी राहिली, जशी इतकी वर्षं उभी राहत आली होती. ती वाट बघत होती, कुणीतरी "थँक यू, ब्रेंडा" म्हणण्याची. वाऱ्याने कोटाचं टोक उडत होतं. कुणी काही म्हणेना. आणि मग तिच्या लक्षात आलं: अगं बाई, हे दिवे लावणं नाही, हे खरं आहे! मागे वळली असती तर चेहरा दिसला असता. ती तशीच पुढे चालू लागली, टोकाला जाऊन थांबली, आणि आता आपल्याला हाकलून देणार म्हणून कठड्याला घट्ट धरून उभी राहिली.

तिला घ्यायला आलेल्या सहायकाच्या हातातल्या वॉकीटॉकीतून गाइल्सचा आवाज आला. "ते थांबणं ठेवायचं. पुन्हा घ्यायचं नाही. कुणीही काहीही हलवू नका."

शेवटचा भाग लागला आणि देश त्या थांबण्याने वेडा झाला. वर्तमानपत्रांत आलं की बाईने पाठीने अभिनय केला. एकाने लिहिलं, त्या एका क्षणात एका बाईचं सगळं आयुष्य उभं आहे. मुलाखतीत रोझलिंडला विचारलं, तिथे नेल काय विचार करते? रोझलिंडने खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "ती बुडालेल्या भावाचा निरोप घेते."

"भाऊ?" ब्रेंडा टीव्हीला म्हणाली. "कुठला भाऊ गं भवाने?"

वर्षातल्या सर्वोत्तम अभिनेत्रीचं बक्षीस रोझलिंडला मिळालं. तो समारंभ टीव्हीवर बघायला ब्रेंडाने शेजारच्या पॉलीनला घरी बोलावलं होतं. बशीत सॉसेज घातलेल्या पॅटिस होत्या, शेरीची बाटली फोडली होती. पॉलीन गावातलं केस कापायचं दुकान चालवते; तिला काही सांगितलं की ते सगळ्या ओल्या डोक्यांपर्यंत पोचतं. ब्रेंडाने तिला आधीच सांगून ठेवलं होतं की ती चाल माझी आहे. रोझलिंड नाव घेईल असं तिने सांगितलं नव्हतं, पण अंगावर चांगला ब्लाउज होता.

पडद्यावर धक्का आला, कोट आला, थांबणं आलं. लंडनच्या त्या सभागृहात सगळे उभे राहिले. रोझलिंड काठी टेकत वर गेली. तिने गाइल्सचे आभार मानले, लेखकाचे मानले, रंगभूषेच्या मुलीचे, स्कार्नविकच्या प्रेमळ लोकांचे, आणि शेवटी म्हणाली, "आणि माझा बिस्किट."

"कुत्र्याचं नाव घेतलं," क्लिफर्ड म्हणाला.

"मी ऐकलं."

पॉलीनने पॅटिसचा चुरा आपल्या अंगावरून झटकला. "असू दे गं. राणीच्या राज्याभिषेकालाही तूच चालली होतीस ना? मागून?"

दुसऱ्या दिवशी ब्रेंडाने न्हाणीघरातल्या सगळ्या डब्या शाळेच्या जत्रेत देऊन टाकल्या.

मे महिन्यात नगरपालिकेने ठरवलं की धक्क्याच्या टोकाला नेल डॉब्सनच्या नावाचा बाक बसवायचा. तिकडे माणूस गेलं की त्याच्या नावाचा बाक समुद्राकडे तोंड करून ठेवतात. जे माणूस कधी नव्हतंच त्याचा बाक ही नवी गोष्ट होती, पण गाव खूश होतं. रोझलिंड स्वतः येऊन त्याचं उद्घाटन करणार होती, आणि लोकांसाठी ती चाल चालून दाखवणार होती.

आदल्या दुपारी ब्रेंडाच्या दाराची घंटा वाजली. उंबऱ्यावर रोझलिंड थर्लो उभी होती, काठी आणि गॉगल.

"ब्रेंडा, राणी. आत येऊ का? बाहेर कुणी ओळखलं तर तासभर जाईल."

क्लिफर्डने स्वतःची खुर्ची दिली, जी तो सासऱ्यांनाही द्यायचा नाही. लिंबाचा केक कापला गेला. रोझलिंडने दोन तुकडे खाल्ले. मांजर, जे ब्रेंडाच्या मांडीवर सहा महिन्यांतून एकदा उपकार केल्यासारखं बसायचं, ते सरळ रोझलिंडच्या मांडीवर चढून गोल झालं. ब्रेंडा किटलीकडे बघत राहिली.

"मला ती चाल येत नाही," रोझलिंड म्हणाली. "आठवडाभर तो भाग बघून घरात सराव करतेय. माझी मुलगी म्हणते, आई, तू बस चुकल्यासारखी चालतेस. उद्या अख्खं गाव समोर असेल. शिकव मला."

ब्रेंडाच्या छातीत काहीतरी गोड गोड पसरलं. ते तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही; ते तिला जमायचं.

"या मागच्या बोळात."

बोळात कचऱ्याच्या डब्यांची ओळ होती आणि वर पॉलीनच्या दुकानातले टॉवेल वाळत होते. रोझलिंड चालली. गुडघा सोडला तर चालणं बरं होतं. पण मध्यावर थांबली की तिची छाती भरून यायची, मान हळूच वर जायची, पाठीवरून वेदना वाहायला लागायची.

"तुम्ही विचार करताय," ब्रेंडा म्हणाली.

"मग करायचा नाही? तू काय विचार करत होतीस तिथे? खरं सांग. मला किती दिवस विचारायचं होतं."

ब्रेंडाने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, क्लिफर्डलाही नाही. वर्तमानपत्रांत त्या थांबण्याबद्दल जे जे छापून आलं होतं ते तिला मनातून खरं वाटायला लागलं होतं. पण समोर ती बाई गुडघा चोळत इतक्या आशेने बघत होती की ब्रेंडाच्या तोंडून निघून गेलं.

"पट्टी राहिली होती खाली. पिवळी. मी पट्टीवर थांबले. कुणी थँक यू म्हणेना, म्हणून उभी राहिले."

रोझलिंडने तोंडावर हात ठेवला. मग ती हसायला लागली. कचऱ्याच्या डब्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आणि मी जगभर सांगत फिरले की तिचा भाऊ बुडाला! अगं, मी त्या भावाला नावसुद्धा दिलंय!"

ब्रेंडा हसली नाही. तिला वाटलं, ही सोन्याची वस्तू मी इतके दिवस उशाखाली ठेवली होती, आणि हिने ती हातात घेऊन पितळ आहे म्हणून दाखवली.

"ऐक," रोझलिंड डोळे पुसत म्हणाली. "उद्या तू मध्यावर एक पिवळी पट्टी लाव. मी तिच्यावर थांबेन, तू थांबतेस तशी. आणि मग लोकांना सांगेन की ही चाल कुणाची. शप्पथ."

"बरं," ब्रेंडा म्हणाली.

मालिकेच्या शेवटच्या दिवशी तिने पिवळ्या पट्टीचं एक रीळ गुपचूप पिशवीत टाकलं होतं. सकाळी ते खिशात घालून ती धक्क्यावर गेली. माणसं अजून यायची होती. मध्यावर गुडघे टेकून तिने फळी हाताने पुसली, रिळाचं टोक नखाने सोडवलं. मग सहज टोकापर्यंत जाऊन बाक बघून आली. पितळी पाटीवर नेल डॉब्सनचं नाव होतं आणि खाली, साकार करणाऱ्या रोझलिंड थर्लो. अक्षरं इतकी चकचकीत होती की त्यांत ब्रेंडाला आपला स्वतःचा हिरवा कोट दिसला.

कुत्र्याचं नाव घेतलं होतं तिने. सांगेन म्हणते. सांगणार आहे ती!

परत मध्यावर आल्यावर ब्रेंडा थांबली नाही. रीळ खिशातच राहिलं.

दुपारी अख्खं स्कार्नविक धक्क्यावर होतं. महापौर बाई गळ्यातली साखळी सावरत होत्या. दोन्ही बाजूंना दोर लावून माणसं मागे धरली होती. ब्रेंडा टोकाला, पॉलीन आणि क्लिफर्डच्या मध्ये उभी होती. रोझलिंड राखी कोट घालून निघाली, काठीशिवाय.

मध्य जवळ आला आणि तिची मान खाली गेली. ती पट्टी शोधत होती. एक फळी, पुढची फळी. पावलं लहान झाली. ती थांबल्यासारखी झाली, पुन्हा निघाली, पुन्हा खाली बघितलं. दुखरा गुडघा वाकेना. जागा मागे पडली का पुढे आहे, तिला कळेना. ब्रेंडाला ती एक म्हातारी बाई दिसली, बाजारात पडलेली किल्ली शोधणारी. क्षणभर तिला आपल्या खिशातल्या हाताची लाज वाटली.

"बघ गं," पॉलीन पुटपुटली, "कशी हरवल्यासारखी चालतेय. काय काम करते बाई!"

पलीकडच्या दोराला एकजण चक्क नाक पुसत होता. रोझलिंड टोकाला पोचली तेव्हा टाळ्यांनी समुद्रपक्षी उडाले. टीव्हीतल्यापेक्षा भारी, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. ब्रेंडाची लाज तिथल्या तिथे वाळून गेली. या बाईला खड्ड्यात ढकललं तरी ती त्यातून फुलं घेऊन बाहेर येईल!

रोझलिंड माइककडे जाताना ब्रेंडाजवळ थबकली. "पट्टी?"

"वाऱ्याने नेली."

रोझलिंडने तिच्या खिशाकडे पाहिलं. रिळाचं पिवळं टोक बाहेर लोंबत होतं.

"हुशार आहे हो तुमच्या गावचा वारा," ती म्हणाली, आणि पुढे गेली.

संपलं, ब्रेंडाला वाटलं. आता कशाला सांगेल?

"मंडळी," रोझलिंड म्हणाली, "तुम्ही टीव्हीवर जी चाल पाहिली ती माझी नाही. त्या दिवशी माझा गुडघा गेला होता. ती चालली." तिने बोट दाखवलं. "हिरव्या कोटातली. ब्रेंडा व्हेरिल, तुमच्याच गावची. ते थांबणंही तिचंच. मला ते आजही जमलं नाही, तुम्ही पाहिलंतच. बक्षीस घेताना मी हिचं नाव घ्यायला हवं होतं. घेतलं नाही, कारण मला ते बक्षीस फार हवं होतं."

जी गोष्ट ऐकण्यासाठी ब्रेंडाने चांगला ब्लाउज घातला होता, ती ही. शब्दन् शब्द. मग गर्दीतून एक लांबलचक "आऽऽ" निघाला, लहान बाळाला बघून निघतो तसा.

"किती मोठं मन," पॉलीन गहिवरून म्हणाली. "एवढी मोठी नटी, पण श्रेय दुसऱ्याला देते. तुझं नावसुद्धा लक्षात ठेवलं गं!"

टाळ्या पुन्हा झाल्या, आधीपेक्षा दुप्पट. सगळ्या रोझलिंडला. क्लिफर्ड तेवढा ब्रेंडाकडे तोंड करून टाळ्या वाजवत होता, पण तोही मधूनच तिकडे बघत होता.

गावच्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर बाकाशी आला. "मिस थर्लो, इथे बसता?"

"फोटो ब्रेंडाचा काढायचा," रोझलिंड म्हणाली.

"बरं, मग..." त्याने वर बघितलं. ढग येत होते, जात होते. "उजेड बघावा लागेल. कुणीतरी जरा बसा तिथे."

ब्रेंडाचे पाय आपोआप निघाले. रोझलिंडने तिला कोपराला धरून मागे ओढलं. "मी बसते. तू केस नीट कर."

ती बाकावर बसली. पायावर पाय टाकला, काढला, समुद्राकडे बघितलं, हळूच उसासा सोडला.

"मॅडम, हलू नका."

"मी कुठे हलतेय?"

"हात मांडीवर," ब्रेंडा म्हणाली. "हनुवटी डावीकडे. एवढी नाही. आणि चेहऱ्यावर काही आणू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"किती वेळ?"

"म्हणेपर्यंत."

फोटोग्राफरने कॅमेऱ्याची काच फिरवली, दोन पावलं मागे गेला, पुढे आला. "थँक यू, मिस थर्लो."

ते शब्द दुसरीला उद्देशून ब्रेंडाने पहिल्यांदाच ऐकले. रोझलिंड उठली. ब्रेंडा त्या तयार उजेडात जाऊन बसली. बाक गरम होता. सावली कुठे पडतेय, नाकाखाली किती काळं दिसत असेल, हे तिला न बघता कळत होतं. पण पुढे काय करायचं, ते तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिचं काम नेहमी इथेच संपायचं.

"हसा," फोटोग्राफर म्हणाला.

ब्रेंडा हसायला गेली, आणि तिला दिसलं की कुणीच तिच्याकडे बघत नाहीये. कॅमेऱ्याच्या बाजूला रोझलिंड उभी होती. ती काही करत नव्हती, नुसती कठड्याला टेकून उभी होती, वाऱ्याने केस उडत होते. आणि सगळ्या मोबाइलची तोंडं तिच्याकडे होती. महापौर बाईंचं सुद्धा.

ब्रेंडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ए, अगं ए रोझलिंड! जरा कमी दिस ना!"

"म्हणजे कसं?"

"खांदे सोड! मान खाली! आणि ते केस धर हाताने, मेले सारखे उडतायत!"

तेवढ्यात कॅमेऱ्याचा खटका वाजला.

तो फोटो आता ब्रेंडाच्या दिवाणखान्यात आहे, मांजराच्या गादीच्या वर. उजेड अगदी मापात आहे. ब्रेंडाचं तोंड उघडं आहे, एक बोट पुढे, डोळ्यांत अंगार. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो, असं क्लिफर्ड म्हणतो. त्यात रोझलिंड थर्लो कुठेच नाही. तरी घरी येणारा प्रत्येकजण आधी हेच विचारतो, "ही कुणावर ओरडतेय?"

आणि मग ब्रेंडाला तिचं नाव सांगावंच लागतं.